तेलाच्या डब्यावरचा ३१९

रमजानच्या आधी पाचवीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, हे खरं आहे का?" संदेशात लिहिले होते की पाकिटावर ३१९, ३२० किंवा ३२१ दिसला तर समजा त्यात कॅन्सर आहे. बिचारीने घरातले पाकीटबंद तेल मोरीत ओतले होते आणि नाक्यावरून सुट्टे तेल आणले होते.

पाकिटावरचे नंबर वाचायची सवय आपल्या घरांत आहेच. १२० म्हणजे किड्यापासूनचा रंग, ४७१ कुठल्या चरबीचा हे विचारून घ्यायचे, हे अनेक बहिणींना पाठ असते. हे तीन नंबर मात्र जनावरापासून येत नाहीत. ते कारखान्यात तयार होतात. ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, ३२० बीएचए आणि ३२१ बीएचटी. म्हणजे इथे प्रश्न हलालपेक्षा तय्यबचा आहे: हे पोटाला निर्धोक आहे का?

तेलाला हवा लागली की ते हळूहळू खवट होते. जुन्या शेवेला येणारा वास तोच. ही रसायने ती क्रिया लांबवतात. म्हणून ती तेल, वनस्पती तूप, चिप्स, नूडल्स अशा पदार्थांत सापडतात.

भीती कुठून आली? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या संशोधकांनी उंदरांच्या खाण्यात २ टक्के बीएचए मिसळले. त्यांच्या जठराच्या पुढच्या भागात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मग बीएचएला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता' असलेल्या '२ बी' गटात टाकले. अमेरिकेच्या सरकारी यादीतही ते १९९१पासून आहे. बीएचटीबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याने त्याला वेगळ्या गटात ठेवले.

आता दुसरी बाजू. जठराचा तो पुढचा भाग माणसाला नसतोच. शिवाय २ टक्के म्हणजे किलोभर खाण्यात २० ग्रॅम. तेलातली नेहमीची कमाल मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपट कमी, आणि तीही फक्त तेलात, सगळ्या जेवणात नव्हे. नेदरलँड्समध्ये १ लाख २० हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून २००० साली निष्कर्ष आला: नेहमीच्या आहारातल्या बीएचए-बीएचटीचा जठराच्या कर्करोगाशी ठळक संबंध दिसला नाही.

तरी मर्यादा विसरू नये. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने टीबीएचक्यूची रोजची सुरक्षित मात्रा वजनाच्या दर किलोला ०.७ मिलिग्रॅम आणि बीएचएची ०.५ मिलिग्रॅम ठरवली आहे. ३० किलोच्या मुलासाठी बीएचए १५ मिलिग्रॅम. नूडल्सच्या एका छोट्या पाकिटात साधारण १३ ग्रॅम तेल असते. त्यात कमाल मर्यादेइतके बीएचए धरले तरी अडीच-पावणेतीन मिलिग्रॅम होते. एका पाकिटाने काही होत नाही. पण डब्यात चिप्स, दुपारी नूडल्स, संध्याकाळी फरसाण असा रोजचा क्रम असेल तर बेरीज वाढते. मुलाचे वजन कमी, म्हणून त्याची मर्यादाही लहान. आणि रसायन बाजूला ठेवले तरी त्या पाकिटांतले मीठ व तेल राहतेच.

त्या अम्मीला मी सांगितले, तेल ओतून टाकायला नको होते. सुट्ट्या तेलात कसली भेसळ आहे ते कळत नाही, ते किती जुने आहे तेही नाही. म्हणूनच नियमाने त्याच्या विक्रीवर बंदी आहे. तेल लहान पॅकमध्ये घ्या, झाकण घट्ट लावा, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा. इफ्तारच्या भज्यांचे काळे पडलेले तेल सहरीला पुन्हा तापवू नका. दोन ब्रँड समोर असतील तर हे नंबर नसलेला घ्या. काही कंपन्या याच कामासाठी ई जीवनसत्त्व, म्हणजे ३०६ किंवा ३०७, वापरतात.

जाता जाता तिला एक विचारले, "घरी मिश्री किंवा गुटखा कोण घेतं का?" ती गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "सासूबाई मिश्री लावतात. ह्यांच्या खिशात पुडी असते."

तंबाखू आणि सुपारी 'शक्यता' असलेल्या गटात नाहीत. माणसात कर्करोग होतोच, असे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात आहेत. पण त्याचे संदेश आपल्या मोबाईलवर कोणी पाठवत नाही. तेलाच्या डब्यावरचा नंबर जरूर वाचा. खिशातली पुडी मात्र आजच बाहेर काढा.