विद्यार्थ्यांसमवेत पाहिलेले कोलकाता

कोलकाता म्हटले की मराठी मनाला हावड्याचा पूल, रसगुल्ला, दुर्गापूजा आणि व्हिक्टोरिया मेमोरियलचा शुभ्र घुमट एवढ्याच गोष्टी प्रथम आठवतात. सहल कंपन्याही एकदीड दिवसात एवढेच दाखवून पर्यटकांना पुढे दार्जिलिंगकडे नेतात. बँकेतील बदलीच्या निमित्ताने गेली तीन वर्षे माझे या महानगरात वास्तव्य आहे. पण पहिले वर्षभर मीदेखील याहून अधिक काही पाहिले नव्हते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. शहर खऱ्या अर्थाने पाहणे घडले ते तीन विद्यार्थ्यांमुळे.

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आपल्या दोन मित्रांसह साताऱ्याहून आला. तिघेही अकरावीत. मित्र विज्ञान शाखेत, तर भाचा वाणिज्य शाखेत. दहावीला गुण थोडे कमी पडले आणि विज्ञान हुकले. घरात त्याविषयी कोणी काही बोलत नसे. त्या न बोलण्यानेच ते त्याला अधिक टोचत असावे. पहिल्याच दिवशी भारतीय संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तो मला हळूच म्हणाला, "मामा, हे सगळं सायन्सवाल्यांसाठी. मी बाहेर थांबतो." मी स्वतः एम.कॉम. झालेला मनुष्य. त्याला काय उत्तर द्यावे, ते मला त्या क्षणी सुचले नाही.

चौरंगीवरील हे संग्रहालय १८१४ साली एशियाटिक सोसायटीने स्थापन केले. देशातील हे सर्वांत जुने संग्रहालय. बंगाली माणूस त्याला 'जादूघर' म्हणतो, आणि लहानथोर सारे इजिप्तच्या ममीपाशी गर्दी करतात, त्यावरून ते नाव सार्थही वाटते. आमची मंडळी ममी पाहून आल्यावर मी त्यांना भारहुत स्तूपाच्या दालनात नेले. जनरल कनिंगहॅम यांना १८७३ साली मध्य भारतात या बौद्ध स्तूपाचे अवशेष आढळले. त्यातील तांबूस वालुकाश्माचा कठडा येथे उभा केला आहे. सुमारे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील हे शिल्पकाम. त्यातील एका वर्तुळात अनाथपिंडिक या श्रेष्ठीने बुद्धासाठी जेतवन विकत घेतल्याची कथा कोरली आहे. किंमत ठरली होती ती अशी, की सारी जमीन नाण्यांनी झाकायची! शिल्पात बैलगाडी सोडलेली आहे आणि माणसे चौकोनी नाणी ओळीने भुईवर मांडीत आहेत. भाचा बराच वेळ तेथे उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मामा, हे तर खरेदीखत झालं." खरेच, दोन हजार वर्षांपूर्वीच्या जमीनव्यवहाराचे याहून स्पष्ट चित्र मी तरी पाहिलेले नाही. एवढ्यासाठी तरी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी हे दालन चुकवू नये.

दुसरा दिवस कॉलेज स्ट्रीटचा. अर्ध्या पाऊण किलोमीटरच्या या पट्ट्यात आधुनिक भारतीय शिक्षणाचा इतिहास अक्षरशः दारोदार वाचता येतो. १८१७ चे हिंदू कॉलेज, जे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले आणि २०१० पासून विद्यापीठ आहे; १८२४ चे संस्कृत कॉलेज; १८३५ चे मेडिकल कॉलेज; आणि १८५७ मध्ये, मुंबई व मद्रासच्या बरोबरीनेच जन्मलेले कलकत्ता विद्यापीठ. संस्कृत कॉलेजचे प्राचार्यपद ईश्वरचंद्र विद्यासागरांकडे आल्यावर, तोवर विशिष्ट जातींनाच खुला असलेला तेथील प्रवेश त्यांनी इतरांसाठी मोकळा केला. मेडिकल कॉलेजात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. संस्कृत वैद्यकाच्या पंडिताने त्या काळात शवाला हात लावणे म्हणजे केवढे धाडस, याची कल्पना आज जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना करून द्यावी लागते.

रस्त्याच्या दुतर्फा पुस्तकांचे ठेले आहेत. त्यांना येथे 'बोईपाडा' म्हणतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाचे मोठे भावंडच म्हणा ना. मुले तेथे तासभर हरवली. मग वरच्या मजल्यावरील इंडियन कॉफी हाउस. हे पूर्वीचे आल्बर्ट हॉल. कामगारांच्या सहकारी संस्थेकडून चालविले जाणारे हे कॉफीगृह विद्यार्थ्यांच्या वादविवादांनी आजही दणाणत असते. कॉफी बेताची, पण गोंगाट अव्वल दर्जाचा.

तेथून दक्षिणेस पंधरावीस मिनिटे चालले की बहुबाजार लागतो. तेथील मुख्य रस्त्याचे आजचे नाव बिपिनबिहारी गांगुली स्ट्रीट. या रस्त्यावरील २१० क्रमांकाच्या जागी आज गोएंका वाणिज्य महाविद्यालय आहे. पर्यटनाच्या कोणत्याही पत्रकात ही जागा मला आढळली नाही. परंतु आमच्या साऱ्या सहलीचा मध्यबिंदू ठरली ती हीच.

डॉ. महेंद्रलाल सरकार नावाच्या एका वैद्याने १८७६ साली लोकवर्गणी गोळा करून एक विज्ञान संस्था काढली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. भारतीयांनी, भारतीयांच्या पैशाने, भारतीयांसाठी चालविलेली. तिची प्रयोगशाळा बहुबाजारात याच क्रमांकावर होती. १९०७ साली मद्रासहून एक अठरा वर्षांचा तरुण सरकारी अर्थखात्यात सहायक महालेखापाल म्हणून कलकत्त्यात रुजू झाला. अर्थखात्याच्या परीक्षेत तो पहिला आला होता. नोकरी उत्तम, पगार भरघोस. या तरुणाने संस्थेचे दार ठोठावले आणि तेव्हापासून त्याचा दिनक्रम ठरून गेला: पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरीतील हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा. मधली रंगून आणि नागपूरची बदली सोडली, तर हा क्रम दहा वर्षे चालला. १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जींच्या आग्रहावरून कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करून त्याने हिशेबखाते सोडले, पण बहुबाजारची प्रयोगशाळा सोडली नाही. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागलेला प्रकाशाच्या विकिरणाचा शोध याच प्रयोगशाळेतला. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले, आणि २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो तोही त्यासाठीच.

संस्था स्वातंत्र्यानंतर जादवपूरला गेली. आज त्या जागी मुले वाणिज्य शिकतात.

फाटकापाशी उभे राहून मी हे सांगत होतो. विज्ञानवाले दोघे गप्प होते. भाच्याने विचारले, "म्हणजे ते अकाउंट्समध्ये होते?" मी म्हणालो, "हो, दहा वर्षं." त्यांची पदवी मात्र पदार्थविज्ञानाचीच होती, हेही मी लगेच सांगून टाकले; नाहीतर साताऱ्याला परतल्यावर त्याने ताईला भलताच दाखला दिला असता. तो हसला. पण दिवसभर त्याने पुन्हा बाहेर थांबण्याची भाषा केली नाही.

संध्याकाळी आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर आलो. हाच रस्ता दक्षिणेकडे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड होतो. दोन्ही नावे वैज्ञानिकांची. १९१७ साली जगदीशचंद्रांनी स्थापन केलेले बोस विज्ञान मंदिर आणि विद्यापीठाचे राजाबाजार विज्ञान महाविद्यालय येथे शेजारी शेजारी आहेत. पण सातारच्या पोरांना मी वेगळीच गोष्ट सांगितली. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नाव 'मराठा डिच'. मराठे शहरापर्यंत आले नाहीत, खंदक अर्धवटच राहिला, आणि १७९९ पासून तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तोच हा रस्ता. बारगीरांचे 'बर्गी' झालेले आपले पूर्वज बंगाली अंगाईगीतांत आजही बाळांना भीती घालतात. मुलांना प्रथम अभिमान वाटला, मग गावे लुटली गेल्याचे सांगितल्यावर ती जरा खजील झाली. दोन्ही होणे योग्यच होते. याच बंगालमध्ये पुढे सखाराम गणेश देऊस्कर या मराठी घराण्यातील लेखकाने बंगालीत 'देशेर कथा' हे इंग्रजी राजवटीतील आर्थिक शोषणाचे विवेचन १९०४ साली प्रसिद्ध केले. ते इतके प्रभावी ठरले की सरकारने त्यावर बंदी घातली.

जोडासांको येथील ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथांचे जन्मस्थान आणि निधनस्थानही, तसेच एल्गिन रोडवरील नेताजी भवन यांविषयी मी येथे विस्ताराने लिहीत नाही. ती सर्वपरिचित आहेत. नेताजी जानेवारी १९४१ मध्ये ज्या मोटारीतून निसटले ती मोटार मात्र मुलांनी अवश्य पाहावी.

अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाविषयी थोडे सांगायलाच हवे. वीस लाखांहून अधिक ग्रंथांचा हा संग्रह. १९५४ च्या कायद्यान्वये देशातील प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एक प्रत येथे पाठवायची असते. म्हणजे पुस्तक साताऱ्यात छापलेले असो की सावंतवाडीत, त्याचे एक घर कोलकात्यात असायला हवे. मराठीचा स्वतंत्र विभागही येथे आहे. वाचनासाठी परवाना लागतो. ओळखपत्र जवळ असावे.

चौथ्या दिवशी हावड्याहून लोकलने श्रीरामपूर गाठले. हुगळीकाठचे हे गाव त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणूनच कंपनी सरकारला नको असलेल्या मिशनऱ्यांना तेथे आसरा मिळाला. विल्यम केरी त्यांतलेच एक. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथशास्त्री या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी रचलेले मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले, आणि १८१० मध्ये मराठी कोशही. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत! मराठीच्या मुद्रणाचा आरंभकाळ पुण्यामुंबईपासून इतक्या दूर गेला, हे मला स्वतःला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हते.

केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली स्थापन केलेल्या श्रीरामपूर कॉलेजचे उंच खांब नदीकाठावरून दिसतात. फेब्रुवारी १८८३ मध्ये याच कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची एक मराठी मुलगी इंग्रजीतून बोलायला उभी राहिली. आपण अमेरिकेला का जात आहोत, तेथे वैद्यक का शिकणार आहोत आणि हिंदू म्हणूनच परत का येणार आहोत, हे तिने सर्वांना सांगितले. त्या आनंदीबाई जोशी. गोपाळरावांच्या टपाल खात्यातील नोकरीमुळे हे दांपत्य तेव्हा श्रीरामपूरला होते. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, कलकत्त्याच्या बंदरातून त्या पतीविना जहाजावर चढल्या. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांनी या कथेत गोपाळरावांची बदलीही लक्षात घ्यावी, असे मला उगाचच वाटून गेले.

आता काही व्यावहारिक सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर रविवारी कॉलेज स्ट्रीटची पुष्कळ दुकाने. जोडासांकोला गिरीश पार्क आणि कॉलेज स्ट्रीटला महात्मा गांधी रोड ही मेट्रोची स्थानके सोयीची. देशातील पहिली मेट्रो येथेच १९८४ मध्ये धावली आणि २०२४ पासून ती हुगळीच्या खालूनही जाते. मुलांना तेवढा प्रवास जरूर घडवावा. शैक्षणिक संस्था आतून पाहायच्या असल्यास शाळेचे पत्र घेऊन आधी परवानगी काढावी. आम्ही ती काढली नव्हती, त्यामुळे कित्येक ठिकाणी फाटकावरच समाधान मानावे लागले.

पाचवा दिवस मुलांच्या विश्रांतीसाठी राखला होता. पण भाच्यानेच कौन्सिल हाउस स्ट्रीटवरील रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयाचा विषय काढला. २०१९ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पैसा, सोने आणि मध्यवर्ती बँकेची जडणघडण मांडली आहे. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय प्रथम कोलकात्यातच होते, ते १९३७ मध्ये मुंबईला गेले, हे मी त्याला वाटेत सांगितले. आत त्याचे मित्र प्रश्न विचारीत होते आणि उत्तरे तो देत होता. बाहेर पडल्यावर त्याने घड्याळ पाहिले आणि परतीच्या गाडीला अजून पाच तास आहेत, तेवढ्यात बहुबाजारला एकदा जाऊन येऊ या का, असे विचारले. २१० क्रमांकाच्या फाटकाचे छायाचित्र काढायचे राहून गेले होते.