ध्वनिमुद्रिकांची पुष्पिका

पोथी हातीं येतांच आधीं तिचें शेवटचें पान पाहावें, ही संशोधकांची जुनी रीत आहे. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणीं व कोणत्या शकांत केली, हें पुष्पिकेवरून कळतें. ती नसेल तर अक्षराच्या वळणावरून तर्क करीत बसावें लागतें. आपल्याकडील अगदीं आरंभींच्या ध्वनिमुद्रिकांनाही अशीच पुष्पिका असते, इकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें म्हणून हें टिपण लिहीत आहों.

सन १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन अँड टाईपरायटर कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास सुप्रसिद्ध गायिका गौहरजान यांचें गाणें मेणाच्या तबकडीवर उतरून घेतलें. (आमचे भाऊराव कोल्हटकर त्यापूर्वीं पावणेदोन वर्षें, १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं निवर्तले होते, ही चुटपुट मराठी रसिकांस कायमचीच.) तबकड्या छापण्याचा कारखाना तेव्हां हिंदुस्थानांत नव्हता. मूळ मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, तेथें ठसे घडून तबकड्या निघत व विक्रीसाठीं इकडे परत येत. तेथील कारागिरांस ना भाषा ठाऊक, ना गाणाराचें नांव. मग चिठ्ठी कोणत्या नांवाची चिकटवावी? यास्तव गाणें संपतांच गाणारानें आपलें नांव स्वतः उच्चारावें, अशी वहिवाट पडली. गौहरजान तें इंग्रजींत सांगत: ‘माझें नांव गौहरजान’. पुष्कळांस हा त्यांचा डौल वाटतो. डौल असेलही, पण मूळ निमित्त व्यवहाराचें होतें.

१९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला आणि ही गरज सरली. सवय मात्र कांहीं काळ टिकली. म्हणून केवळ नामोच्चारावरून तबकडीचें साल ठरवूं नये. चिठ्ठीजवळ कोरलेला क्रमांक ताडून पाहावा आणि तबकडी एकाच बाजूस मुद्रित आहे किंवा कसें, हेंही पाहावें.

चिठ्ठी फाटते, पुसते, क्वचित् दुसऱ्याच गाण्याची चिकटलेली असते. आवाजांतील नांव मात्र गाण्यापासून वेगळें होत नाहीं. तें वेगळें होतें तें आपल्याच हातून. संगणकावर नवी प्रत करतांना ‘हा गाण्याचा भाग नव्हे’ असें समजून शेवटचे दोन-तीन क्षण कापले, कीं पुष्पिका फाडून पोथी जपल्यासारखें होतें. ते क्षण राखावेत. आणि सूचींत चिठ्ठीवरील नांव व उच्चारलेलें नांव हीं दोन्ही, जुळत नसलीं तरी, जशींच्या तशीं नोंदवावींत.