पास्त्यानंतरची जळजळ

लग्नाच्या वाढदिवसाला मी आणि सौ. एका इटालियन पद्धतीच्या हॉटेलात जेवलो. चीजने माखलेला पास्ता, टोमॅटोचा सॉस, वर कॉफी! घरी येऊन लगेच आडवा झालो आणि छातीत जळजळू लागले.

स्निग्ध पदार्थांनी जठर उशिरा रिकामे होते, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते व आम्ल वर येते. म्हणून जेवण आणि झोप यांत 3 तास ठेवावेत.

परंतु प्रत्येक जळजळ म्हणजे ‘ॲसिडिटी’ नव्हे. छातीवर दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असल्यास सोडा पीत बसू नका. ताबडतोब 108 ला फोन करा. मधुमेहींना कळ सौम्यही असू शकते.

सौ.ने हट्टाने माझा ई.सी.जी. काढायला लावला. तो निर्दोष निघाला. पण डॉक्टर असूनही मी टाळाटाळ करीत होतो, हे कबूल करतो. वाचकहो, तुम्ही करू नका.