द सिल्वा, अमान्सिओ

(१९३६–१९९६). भारतीय जॅझ गिटारवादक व संगीतरचनाकार. जन्म मुंबई येथे, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असल्याने मुंबईच्या हॉटेलांतील व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. त्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र श्रोत्यांपर्यंत पोहोचलीच नाहीत. द सिल्वा यांनीही आरंभी मुंबई, सिमला येथे वादन करून उपजीविका केली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. १९६७ मध्ये ते इंग्लंडला गेले व तेथे त्यांच्या स्वतंत्र रचनांना वाव मिळाला.

'इंटिग्रेशन' (१९६९) ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका. त्याच वर्षीच्या 'हम दोनो'मध्ये जो हॅरियट हे जमेकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक त्यांच्या जोडीला होते. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन यांचे प्रयोग चालू असतानाच, १९६० च्या सुमारास हॅरियट यांनी ठरीव स्वरसंघातांचे बंधन झुगारणारा मुक्त जॅझ इंग्लंडमध्ये आणला. पुढे कलकत्त्याचे जॉन मेयर यांच्यासमवेत त्यांनी पाच जॅझवादक व पाच भारतीय संगीताचे वादक असे दुहेरी पंचक चालविले. त्यात सतार व तबला होते आणि दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी उभ्या असल्यासारख्या वाटत.

'हम दोनो'मध्ये सतारही नाही, तबलाही नाही. भारतीयत्व येथे वाद्यांत नसून द सिल्वा यांच्या स्वरवाक्यांत आहे : एका आधारस्वराभोवती हळूहळू वाढणारी चाल, स्वरसंघातांऐवजी एकेरी सुरांवर भर, तार ओढून साधलेला मींडेचा भास. ही जडणघडण अधिक खोलवरची आहे, म्हणूनच ती उसनी वाटत नाही. 'बॅलड फॉर गोवा' या रचनेत तिचा प्रत्यय येतो. नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दविरहित कंठस्वर या ध्वनिमुद्रिकेत वाद्यासारखा योजिला आहे.

'ड्रीम सीक्वेन्स' (१९७२) मध्ये मात्र सतार व तबला आले. तबलावादक होते लंडनवासी केशव साठे. 'कोंकण डान्स' ही त्यांची ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ अप्रकाशित राहिली आणि त्यांच्या निधनानंतर, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. 'हम दोनो'ही अनेक दशके दुर्मिळ होती. जुन्या प्रती संग्राहकांत चढ्या किंमतीला विकल्या जात.

उत्तरायुष्यात त्यांनी लंडनमध्ये संगीताचे अध्यापन केले.