संकेतस्थळावरील मजकुराचा शोध व दुरुस्ती

शाळेच्या संकेतस्थळावर नवा मजकूर चढविण्याचे काम उत्साहाने होते. जुना मजकूर शोधून दुरुस्त करण्याचे काम मात्र बहुधा मागे राहते. वस्तुतः हे दुसरे कामच अधिक जबाबदारीचे होय. फळ्यावरील सूचना दुसऱ्या दिवशी पुसली जाते. संकेतस्थळावरील सूचना कोणी काढीपर्यंत तशीच राहते आणि वाचणारा तिला आजचीच समजतो.

उदाहरणार्थ, 'जन्मदाखल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही' असे एक वाक्य एखाद्या जुन्या पानावर राहून गेले आहे असे समजू. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. परंतु ऊसतोडणीहून परतलेला पालक ते वाक्य वाचून शाळेची पायरी न चढताच मागे फिरला, तर नुकसान होते ते मुलाचे.

असे वाक्य शोधावयाचे कसे? २००३ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'वर्डप्रेस' ही विनामूल्य प्रणाली पुष्कळ संकेतस्थळांसाठी वापरली जाते. तिच्या व्यवस्थापन-कक्षात 'पोस्ट' व 'पेज' यांच्या दोन स्वतंत्र याद्या असतात आणि प्रत्येक यादीची शोधपेटी निराळी असते. एका यादीत काही सापडले नाही म्हणून शोध संपला असे मानू नये.

मराठीत आणखी एक अडचण येते. यंत्र अक्षरे जुळवून पाहते; त्यास व्याकरण कळत नाही. 'दाखला' हा शब्द शोधला असता 'दाखल्याशिवाय' किंवा 'दाखल्याची' हे शब्द हाती लागत नाहीत, कारण विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग, म्हणजे येथे 'दाखल', एवढाच शोधपेटीत लिहावा. त्यामुळे 'दाखल झालेले विद्यार्थी' यांसारखा अनावश्यक मजकूरही पुढे येईल. तो नजरेखालून घालून सोडून द्यावा. त्यानंतर 'जन्मप्रमाणपत्र', 'वयाचा पुरावा' हे समानार्थी शब्द, तसेच जोडून व तोडून लिहिलेली त्यांची रूपेही शोधावीत. चित्ररूपाने किंवा पीडीएफ स्वरूपात चढविलेल्या सूचनेच्या आतील शब्द या शोधात येत नाहीत. अशा सूचना उघडून प्रत्यक्षच वाचाव्या लागतात.

मजकूर सापडल्यावर नवे पान तयार करण्याचा मोह टाळावा. जुने पान तसेच राहिल्यास दोन परस्परविरुद्ध सूचना नांदू लागतात आणि बाहेरून शोध घेणाऱ्यास जुनीच प्रथम दिसण्याचा संभव असतो. त्याच पानात दुरुस्ती करावी, पानाचा पत्ता बदलू नये आणि दुरुस्तीचा दिनांक मजकुरात लिहावा. प्रणाली सामान्यतः पूर्वीच्या आवृत्त्या राखून ठेवते. त्यामुळे चूक झाल्यास मागील रूप परत आणता येते. कचरापेटीत टाकलेले पान मात्र, वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास, ३० दिवसांनंतर कायमचे नष्ट होते, हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती जतन केल्यावर प्रणालीतून बाहेर पडून, शक्यतो दुसऱ्याच मोबाइलवर, ते पान एकदा पालकाच्या नजरेने वाचून पाहावे. पडद्यावर जुनीच प्रत दिसत असेल, तर ती ताजी करून पुन्हा पाहावी.

प्रवेशाचे दिवस सुरू होण्यापूर्वी, तसेच दिवाळीच्या सुट्टीनंतर, प्रत्येक शाळेने आपल्या संकेतस्थळाची अशी तपासणी करावी. 'दाखल', 'प्रवेश', 'शुल्क', 'दिनांक' व 'दूरध्वनी' या पाच शब्दांपासून आरंभ केल्यास बहुतेक कालबाह्य मजकूर दृष्टीस पडेल. दप्तरातील नोंद चुकली तर ती शाळेपुरती राहते. संकेतस्थळावर चूक राहिली तर ती पालकाच्या घरापर्यंत पोचते.