कासव मागे राहू नये म्हणून

गटातल्या बायकांनी मिळून सकाळी धावायचं ठरवलं, की पहिले दोन आठवडे हौस असते. मग पायात वारं असलेल्या चौघी पुढे निघून जातात आणि गुडघे धरून चालणारी मागे एकटी पडते. तिसऱ्या आठवड्यात ती येतच नाही. यावर एक छान युक्ती आहे, आणि ती सगळी वाट आखण्यात आहे.

1938 साली मलायातल्या क्वालालंपूर शहरात काही इंग्रज नोकरदारांनी एक धावण्याचं मंडळ काढलं, हॅश हाउस हॅरियर्स. आज जगभर त्याच्या शाखा आहेत. त्यांच्यात शर्यत नसते. एकदोघं आधी जाऊन पिठाच्या खुणा टाकतात, त्यांना म्हणतात ससे. बाकीचे खुणा शोधत मागून येतात. शेवटी त्यांची बिअर असते, आपला चहा.

खुणा तीनच. ठिपका म्हणजे वाट बरोबर. गोल म्हणजे इथून पुढची वाट शोधा. आडवी रेघ म्हणजे फसलात, मागे फिरा. गोल नेहमी तिठ्यावर किंवा चौकात काढायचा. पुढे दोन-तीन रस्ते फुटतात, त्यातला एकच खरा. पळणाऱ्या बायका एकेका रस्त्याने शोधत जातात, फसतात, परत येतात. जिला खरी वाट सापडेल तिने मोठ्याने हाक द्यायची, "वाट, वाट!" तोवर मागच्या बायका गोलापाशी पोहोचलेल्या असतात आणि सरळ खऱ्या रस्त्याला लागतात. चालणारीचे तीन किलोमीटर होतात, पळणारीचे सहज चार-पाच, आणि दोघी पोहोचतात बरोबर. म्हणून गोल कुठे काढायचे याचाच विचार जास्त करा. तीन किलोमीटरला चार-पाच गोल हवेत. फसवी वाट शंभर-दीडशे पावलांहून लांब नको, नाहीतर पळणारीच वैतागते.

आता आपलं कोलशेत घ्या. एकीकडे जुनं गावठाण आणि खाडी, दुसरीकडे उंच इमारती आणि अवजड गाड्यांचा रस्ता. गावठाणातल्या गल्ल्या गोलांसाठी उत्तम. मोठा रस्ता मात्र एकदाच ओलांडावा लागेल अशी वाट काढा, आणि तिथे फसवी खूण अजिबात नको. माणूस खूण शोधताना गाडी बघत नाही. खाडीकाठाने जायचं तर भरतीची वेळ आधी पाहा. ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. आदल्या आठवड्यात कोरडी दिसलेली वाट या आठवड्यात पाण्याखाली असू शकते. तिवरांच्या चिखलात तर शिरूच नका. तुमच्या गावी खाडी नसली तरी ओढा असेल, कालवा असेल.

खुणांना पीठ कशाला वाया घालवायचं? आपल्याकडे रांगोळी आहे. फक्त पांढरी वापरा. चौकात हळद-कुंकू सांडलेलं दिसलं, की लोकांना उताराच वाटणार आणि दिवसभर चर्चा! हसू नका, 2007 साली अमेरिकेत न्यू हेवन इथे अशाच पिठाच्या खुणा पाहून लोकांना विषारी भुकटीची शंका आली आणि अख्खं दुकान रिकामं केलं होतं. म्हणून इमारतींचे वॉचमन, दुकानदार, पोलीस चौकी यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. खुणा त्याच सकाळी टाका, पन्नास-साठ पावलांवर एक. पावसात रांगोळी टिकत नाही. तेव्हा झाडाला, खांबाला कापडाच्या चिंध्या बांधा आणि नंतर सोडून आणा.

वाट ठरवताना एकदा गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या ताईला बरोबर न्या. तिला तीन किलोमीटरला पाऊण तास लागला, तर तीच त्या वाटेची वेळ. निम्म्या वाटेवर पाणी मिळेल आणि मोरीला जाता येईल असं एखादं ओळखीचं घर हवंच. बायका यायच्या थांबतात त्यामागे बरेचदा हेच कारण असतं, पण तोंडाने कुणी सांगत नाही.

वाट टाकणाऱ्या दोघींपैकी एकीने शिट्टी घेऊन सगळ्यांच्या मागे चालायचं. निघताना डोकी मोजा, पोहोचल्यावर परत मोजा, आणि आकडा जुळल्यावरच चहा गाळा.