पृथ्वीचा कुंभार

पुण्याच्या शनिवार पेठेखाली खोलवर जो काळा पाषाण आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा. त्याच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. पृथ्वी जीवसृष्टीला इतकी अनुकूल आहे, म्हणजे ती कुणीतरी जाणून घडवली असणार, हा युक्तिवाद ऐकला की मला हा खडक आठवतो. तो वाहत होता तेव्हा ही जागा कुणालाच अनुकूल नव्हती.

युक्तिवाद मात्र क्षुल्लक नाही. सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर पाणी द्रवरूप राहतं. उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ते १५ अंशांच्या जवळपास आहे. याचा विस्मय वाटायलाच हवा.

हा वाद आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. घडा कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. पृथ्वीही कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता हवा, अशी मांडणी नैयायिकांनी केली आणि उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ती भक्कम केली. त्यांच्या काही शतकं आधीच मीमांसक कुमारिल भट्टांनी तिला आव्हान दिलं होतं: सृष्टीच नव्हती तेव्हा कर्त्याला शरीर कुठलं, आणि शरीर नसेल तर त्याने घडवलं कसं? कुमारिल वेदप्रामाण्याचे कट्टर पुरस्कर्ते होते, हे इथे विसरू नये.

देवाविषयीचा हा वाद अलीकडेही उघडपणे चालला. शनिवार पेठेतल्याच ‘साधना’ साप्ताहिकाचं संपादन डॉ. नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून करत होते. अभिनेते डॉ. श्रीराम लागू जाहीर व्यासपीठावरून देव नाकारत. शेजारी बसलेले दाभोलकर सांगत, की त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा लढा शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांशी आहे, देव मानणाऱ्यांशी नाही. मतभेद सर्वांसमोर मांडायची ही रीत मला मोलाची वाटते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला.

अनुकूलतेचा पुरावा मला पटत नाही, कारण पृथ्वी आयती अनुकूल नव्हती. तिच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या आयुष्यातला जवळजवळ निम्मा काळ हवेत प्राणवायू नव्हताच. सूक्ष्म सायनोबॅक्टेरिया सूर्यप्रकाशावर जगताना तो बाहेर टाकत राहिले आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. तेव्हाच्या अनेक जीवांना तो विषारी होता. आपण त्यातून तगलेल्यांचे वंशज, म्हणून ही हवा आपल्याला मानवते. शिवाय परग्रह आता ६,००० हून अधिक सापडले आहेत. इतक्या ग्रहांत एखादा राहण्याजोगा निघाला, तर ‘हे असं कसं?’ हा प्रश्न तिथेच विचारला जाणार.

खरा अवघड प्रश्न पृथ्वीचा नाही, भौतिकीच्या नियमांचा आहे. ताऱ्यांत कार्बन पुरेसा घडायचा तर त्याच्या अणुकेंद्रकाला एक ठराविक ऊर्जापातळी हवी, असं भाकीत फ्रेड हॉयल यांनी १९५३ मध्ये केलं आणि प्रयोगात ती पातळी सापडली. तिची जागा थोडी सरकली असती, तर विश्वात कार्बन फारच कमी घडला असता. निरीश्वरवादी हॉयलनाही पुढे या नियमांमागे एखादी महाबुद्धी असावी असं वाटू लागलं. इथे मला ठाम उत्तर देता येत नाही. नियम वेगळे असूच शकले असते का, हेच कुणाला माहीत नाही.

हॉयल यांचे शिष्य आणि पुण्यातल्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी त्याहून तपासण्याजोगा प्रश्न हाती घेतला: जीव पृथ्वीवरच उपजला, की अंतराळातून आला? हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले गेले. २००५ च्या नमुन्यांत हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांना जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या; एकीला हॉयल यांचं नाव दिलं गेलं. हे जीवाणू अंतराळातूनच आले असं यावरून सिद्ध होत नाही, हेही २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच सांगितलं गेलं.